चोवीस चिठ्ठ्या

(दृश्य : सांगली मार्केट यार्ड, सकाळ. पोती ओतणारे हमाल, हळदीचे ढीग, उन्हात तरंगणारी पिवळी धूळ.)

सौदा सुरू व्हायला अजून अर्धा तास आहे. ढिगाढिगांतून फिरत व्यापारी एखादं हळकुंड उचलतात, मोडतात, आतला रंग बघतात. ही राजापुरी हळद. काही याच जिल्ह्यातली, काही कर्नाटकातून आलेली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण हळदीसाठी सांगलीकडे बघायची सवय देशाला त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

(दृश्य : अडत दुकानाची गादी. उघडी चोपडी, शेजारी कॉम्प्युटर.)

या गादीवर आजही दोन हिशोब चालतात, एक चोपडीत आणि एक कॉम्प्युटरवर. आवक, बारदान, तोलाई, हमाली, घेतलेली उचल. सगळं वजा जाता उरतं ते पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या पावतीवर येतं, आणि पट्टी शेतकऱ्याच्या हातात पडते.

(दृश्य : विश्रामबाग. दुसऱ्या मजल्यावरची खोली. टेबलावर पसरलेल्या चिठ्ठ्या.)

अशा अडत दुकानांसाठी इथं पाच जण सॉफ्टवेअर लिहितात. आम्ही कॅमेरा घेऊन पोचलो तेव्हा नव्या आवृत्तीच्या कोडची एक ओळही लिहिलेली नव्हती. होत्या त्या चिठ्ठ्या, चोवीस. प्रत्येक चिठ्ठी म्हणजे कुणाची तरी मागणी.

(दृश्य : एका चिठ्ठीचा क्लोजअप.)

ही बघा. ‘पट्टी मोबाइलवर – १८ दिवस’. निळ्या बॉलपेनचं अक्षर, आणि कोपऱ्यावर हळदीच्या बोटाचा ठसा. ही चिठ्ठी यार्डात उभ्या उभ्या लिहिली गेली.

चिठ्ठीवरचे दिवस म्हणजे एका माणसाला ते काम करायला किती लागतील, याचा अंदाज. चोवीस चिठ्ठ्यांच्या दिवसांची बेरीज होते ४१०. पाच माणसं आणि हंगामाआधीचे कामाचे ४४ दिवस, म्हणजे हाताशी आहेत २२०. पोतं एकच आहे आणि माल जवळपास दुप्पट. काय भरायचं आणि काय मागे ठेवायचं?

मी स्वतः अशा बैठकांना कित्येक वर्षं बसले आहे. एका कंपनीत तर ठरूनच गेलेलं होतं, ज्याचं बिल मोठं आणि आवाज मोठा, त्याचं काम आधी. पुढे तारखा हुकल्या की माणसं वाढवायची. उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली तर उशीर आणखी वाढतो, हे सॉफ्टवेअर अभियंते फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलं होतं. पण ती चूक होते नंतर. तिची पेरणी झालेली असते पहिल्या बैठकीत, या चिठ्ठ्यांच्या टेबलावर.

(दृश्य : टीमप्रमुख मॅडम फळ्यावर चोवीस चौकटी आखतात.)

प्रत्येक चिठ्ठीला एक चौकट. घेतली तर एक, सोडली तर शून्य. चोवीस चौकटींच्या या ओळीला आराखडा म्हणायचं. असे आराखडे होतात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. एवढे तर कॉम्प्युटर एकेक करून मोजेलही. पण मागण्या साठ झाल्या की आकडा एकावर अठरा शून्यांच्या पुढे जातो. सेकंदाला दहा लाख आराखडे तपासले तरी छत्तीस हजारांहून जास्त वर्षं लागतील. आणि कुठलं काम कुणी, कोणत्या क्रमानं करायचं, हे यात धरलेलंच नाही.

म्हणून शोध. २००१ साली इंग्लंडमध्ये बॅग्नॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न ‘नेक्स्ट रिलीज प्रॉब्लेम’ या नावानं मांडला. त्याच वर्षी मार्क हार्मन आणि ब्रायन जोन्स यांनी या सगळ्या विचाराला ‘सर्च-बेस्ड सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हे नाव दिलं. सॉफ्टवेअरमधले अवघड निर्णय शोधाचे प्रश्न म्हणून मांडा आणि उत्तर कॉम्प्युटरला हुडकू द्या, असं त्यांचं म्हणणं.

(दृश्य : फळ्यावरच्या दोन ओळी. मॅडम नवव्या चौकटीनंतर उभी रेघ मारतात.)

हा शोध चालतो कसा, ते इथं डोळ्यांनी दिसतं. सुरुवातीला शंभर आराखडे, कसेही भरलेले. त्यातले बरे, म्हणजे कमी दिवसांत जास्त समाधान देणारे, निवडायचे, शेतकरी बेण्यासाठी जेठे गड्डे बाजूला काढतो तसे. मग दोन आराखडे घ्यायचे. पहिल्याच्या नऊ चौकटी, दुसऱ्याच्या पंधरा, आणि जोडून तिसरा. एखादी चौकट उगीचच उलटी करून बघायची, शून्याची एक. नवे आराखडे पुन्हा जोखायचे. चांगले ठेवायचे, बाकीचे पुसायचे. अशा दोनशे पिढ्या. या पद्धतीचा पाया अमेरिकेत जॉन हॉलंड यांनी घातला.

यात एक मेख आहे. काही चिठ्ठ्या एकमेकींना बांधलेल्या असतात. शेतकऱ्याची नोंदच नसेल तर पट्टी मोबाइलवर पाठवणार कुणाला? आधारच नसलेला असा आराखडा शोधातून बाद होतो.

(दृश्य : लॅपटॉपचा पडदा. ठिपक्यांची वर चढत जाणारी रांग.)

आणि आता हे चित्र. आडव्या रेषेवर कामाचे दिवस, उभ्या रेषेवर मागण्या करणाऱ्यांचं समाधान. एकाच भावात एक ढीग दुसऱ्यापेक्षा सरस असेल, तर दुसऱ्याकडे कोण वळेल? पडद्यावर तेच झालंय. ज्यांच्यापेक्षा तेवढ्याच दिवसांत काहीच सरस निघत नाही, तेवढेच आराखडे उरले. त्यांच्या रांगेला इटालियन अर्थतज्ज्ञ पॅरेटो यांचं नाव आहे. ती शोधायची जगभर वापरली जाणारी एक पद्धत म्हणजे एनएसजीए-टू. आयआयटी कानपूरमध्ये कल्याणमय देब आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उभी केलेली, २००२ साली प्रसिद्ध झालेली. आपल्याकडची आहे, म्हणून इथं आवर्जून सांगते.

रांग आधी झपाट्यानं चढते आणि १६५ दिवसांच्या आसपास वाकते. तिथून पुढे दिवस वाढतात, समाधान फारसं वाढत नाही. बैठकीत ज्या चिठ्ठीवर सगळ्यात जास्त बोलणं झालं, ती साठ दिवसांची ‘ऑनलाइन सौदा’ची चिठ्ठी या वाकणापर्यंतच्या एकाही ठिपक्यात नाही.

(दृश्य : तीन रंगांचे कागद : अडते, व्यापारी, शेतकरी.)

इथं मॅडमनी शोध थांबवला. समाधान कुणाचं मोजतोय आपण? सॉफ्टवेअरचे पैसे अडते देतात, म्हणून त्यांच्या मागण्यांना वजन जास्त धरलं होतं. शेतकरी पैसे देत नाही. त्याच्या पाच चिठ्ठ्यांपैकी चार बाहेर पडल्या होत्या. २००८ साली हार्मन आणि सहकाऱ्यांनी मागण्यांच्या वाटपात न्याय हेही उद्दिष्ट म्हणून शोधात घेतलं. टीमनं तसंच केलं, कुठल्याही गटाला अगदीच रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. रांग पुन्हा आखली गेली. ठिपके थोडे खाली सरकले. किती खाली, ते पडद्यावर मोजता येत होतं.

हे वजन कॉम्प्युटर ठरवत नाही, ते माणसांनीच ठरवायचं. पण एकदा कागदावर आलं की ते लपत नाही.

(दृश्य : रात्र. भिंतीवरच्या चिठ्ठ्या, हिरव्या पिना.)

राहिला अंदाजाचा प्रश्न. १८ दिवस म्हटलं म्हणून अठराच लागतात का? अगदी सुरुवातीचा अंदाज प्रत्यक्षाच्या चौथाईपासून चौपटीपर्यंत कुठंही असू शकतो, असं सॉफ्टवेअरच्या खर्चाचे अभ्यासक बॅरी बोएम यांनी १९८१ साली दाखवलं. म्हणून टीमनं दिवसांचे आकडे दर वेळी थोडे हलवून शोध शंभरदा चालवला. जी चिठ्ठी नव्वदपेक्षा जास्त वेळा निवडलेल्या आराखड्यात टिकली, तिला हिरवी पिन. पिना लागल्या अकरा चिठ्ठ्यांना. बोटाच्या ठशाची ती चिठ्ठी त्यांतली एक.

(दृश्य : आयर्विन पुलावरून कृष्णेचं पात्र, संध्याकाळ. मग पुन्हा मार्केट यार्ड.)

आवृत्ती हंगामात पोचली. एक काम नऊ दिवस लांबलं, दोन चिठ्ठ्या पुढे ढकलाव्या लागल्या. अडत्यांपैकी एकजण अजून नाराज आहेत.

(दृश्य : तोल संपलेला काटा. रिकामी पोती घडी घालणारा शेतकरी. त्याचा मोबाइल वाजतो.)

पट्टी आली आहे. ते चष्मा लावतात. आधी तोलाई बघतात, मग हमाली, मग उचल. बोट प्रत्येक आकड्याखाली थांबत जातं.