समुद्र कधी येणार?

मंडळी, घरच्या दोन खोल्या रंगवून तुम्ही नुकताच निवास-न्याहरीचा बोर्ड लावलात. चादरी, गिझर, बुकिंग यांबद्दल बाकीचे सांगतीलच. पाहुणे काय काय मागतात, ते मी सांगते.

रात्रभर गाडी हाकून आलेला माणूस सकाळी किनाऱ्यावर जातो, तर समोर नुसती ओली वाळू. परत येऊन विचारतो, "काकू, समुद्र कधी येणार?" हसू नका. भरती-ओहोटी तोही शाळेत शिकलाय. पण पैसे भरले की वस्तू हजर, ही शहरातली सवय सुटीतही सुटत नाही. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात आणि वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. आजच्या-उद्याच्या वेळा खडूने पाटीवर लिहून दाराशी टांगा, निम्मे प्रश्न तिथेच मिटतील. कोंबड्याला मात्र पाटी वाचता येत नाही. "पहाटे त्याला गप्प करता येईल का?" असं विचारणारा पाहुणा त्याच संध्याकाळी गावठी कोंबड्याचा रस्सा मागतो. या दोन्ही मागण्या एकदम पुऱ्या होऊ शकतात, हे अजून कुणाच्या डोक्यात आलेलं नाही, हे त्या कोंबड्याचं नशीब.

जुलैत ताजी सुरमई मागणारे येतातच. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. "जास्त पैसे घ्या" म्हणाले तरी सुरमई ताजी होत नाही. फ्रीजरमधली असेल तर तसं सांगून वाढा, नाहीतर सुक्या बांगड्यावर भागवा. कांदा-लसूण नको, वेगळा तवा हवा, ही मात्र विचित्र मागणी नव्हे. ते त्यांचं पथ्य. तवा वेगळा ठेवायचा, विषय संपला.

खरी कसोटी रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाची. 2002 सालापासून तिथे सह्याद्री निसर्ग मित्र संस्था आणि गावकरी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखतायत. अंडी कुंपणाच्या आत वाळूत पुरतात, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. खड्ड्यावर टोपली पालथी घातलेली असते. सकाळ-संध्याकाळ कासवमित्र ती उचलतो, पन्नास माणसं मोबाइल रोखून श्वास धरून उभी, आणि खाली कधी वळवळणारी पिल्लं, कधी नुसती वाळू. वाळू निघाली की सुरू होतं: "जरा उकरून बघा ना!" "एक तरी मुलाच्या हातावर ठेवा." "आम्ही उद्या निघणार, उद्या सकाळी नक्की ना?" अंडी किती दिवसांत फुटतील ते वाळूच्या उबेवर ठरतं, आपल्या बुकिंगवर नाही. हे सांगायचं कधी? टोपलीपाशी सांगून उपयोग नाही, तेव्हा माणूस रुसलेला असतो. फोनवर खोली ठरवतानाच सांगा. आणि उकरायला सांगणाऱ्यापुढे संकोच नको. कायद्याने संरक्षित जीव आहे, सरळ नाही म्हणायचं.

आपलं घोडं अडतं ते इथेच. आपण तोंडावर नाही म्हणत नाही, "बघू" म्हणतो. पाहुणा तो होकार समजून बसतो आणि मग दोघांचीही पंचाईत. होडीवाल्याने "बघू" म्हटलं की दोन माणसं जास्तीची चढलीच, आणि फोटोसाठी लाइफ जॅकेटही उतरलं.

आणखी एक मागणी असते, ती कुणी मोठ्याने सांगत नाही म्हणून मी सांगते. "तुमच्या सूनबाईंना नऊवारी नेसून वाढायला सांगा, रील करायचंय." "रात्री बसायला सोबत या ना." कोंबडा, समुद्र, सुरमई यांवर मी रात्रभर गप्पा मारीन. घरातलं माणूस भाड्यात धरलेलं नाही. इथे दादापुता करायचा नाही. हिशेब करून उरलेले पैसे परत द्या आणि गाडीपर्यंत पोचवून या.

मग एक स्टार पडतो. पडू दे. खाली भांडत बसू नका, दोन ओळी लिहा, पुढचा पाहुणा त्या वाचतोच. "कासव दिसलं नाही" म्हणून एक स्टार देणाऱ्याला आम्ही लिहिलं होतं: त्या दोन दिवसांत पिल्लं वर आली नाहीत, तसं फोनवर सांगितलं होतं. जेवणाबद्दल तुमची काही तक्रार दिसत नाही, म्हणजे ते आवडलं असावं.