दोन हवांच्या सीमेवर

११ नोव्हेंबर १९११. अमेरिकेतलं ओक्लाहोमा सिटी. दिवसा पारा २८ अंश सेल्सिअसवर गेला आणि मध्यरात्र होण्याआधी उणे ८ वर उतरला. त्या तारखेचा उच्चांक आणि नीचांक, दोन्ही एकाच दिवसाचे! मधल्या वेळात शहरावरून एक शीत आघाडी, म्हणजे चाल करून येणाऱ्या थंड हवेची पुढची कड, सरकून गेली होती.

हवा सगळीकडे सारखी नसते. सायबेरियाच्या बर्फावर किंवा उबदार समुद्रावर ती दिवसेंदिवस मुक्काम करते आणि खालच्या जमिनीचा, पाण्याचा गुण घेते. हजारो किलोमीटर पसरलेली, साधारण एकाच तापमानाची नि दमटपणाची ही हवा म्हणजे वायुराशी. ती हलली की मुक्कामाचं हवामान बरोबर घेऊन निघते.

दोन वायुराशी भेटल्या तरी चटकन मिसळत नाहीत. त्यांच्या सीमेला ‘आघाडी’ हे नाव मिळालं पहिल्या महायुद्धाच्या छायेत, नॉर्वेतल्या बर्गनमध्ये. लढाईमुळे परदेशातून हवामानाच्या तारा येईनात, म्हणून हवामानशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी किनाऱ्यावर निरीक्षण केंद्रं वाढवली. त्या दाट नोंदींतूनच त्यांचा मुलगा याकोब याने १९१९ मध्ये वादळाची रचना मांडली. रणभूमीवरून घेतलेला हा शब्द अगदी चपखल बसला.

आता आकाशाकडे बघा. उबदार हवा चाल करून येते ती उष्ण आघाडी, आणि ती सांगून येते. आधी खूप उंचावर पिसांसारखे तंतुमेघ. काही तासांनी पांढुरका पडदा, सूर्याभोवती खळं. मग सूर्य दुधी काचेआड गेल्यासारखा मंद होतो, ढग खाली खाली येतात आणि संथ रिपरिप सुरू होते. इतकं सावकाश, कारण हलकी उबदार हवा जड थंड हवेच्या पाठीवरून चढते आणि तो चढ फारच सौम्य असतो: शे-दोनशे किलोमीटर जावं, तेव्हा कुठे एक किलोमीटर उंची.

शीत आघाडी एवढी सवड देत नाही. थंड हवा पाचरीसारखी खालून घुसते, उबदार हवा झपाट्यानं वर ढकलली जाते. गडगडाट, सोसाट्याचा वारा, जोरदार सरी. वायुभारमापकाचा काटा तोवर उतरत असतो. आघाडी डोक्यावरून गेली की चढू लागतो. उत्तर गोलार्धात नैर्ऋत्येकडून येणारा वारा आता वायव्येकडून येऊ लागतो आणि मागे धुतल्यासारखं आकाश उरतं.

नकाशावर शीत आघाडी निळ्या त्रिकोणांची, उष्ण आघाडी लाल अर्धवर्तुळांची. निळी रेघ वेगानं चालते आणि लाल रेघेला गाठते. उबदार हवा जमिनीपासून पुरती उचलली जाते, रेघ जांभळी होते आणि वादळाचा जोर हळूहळू ओसरू लागतो.