थांब कोणी म्हणायचं?

नमस्कार श्रोतेहो. चाकण, भोसरी, रांजणगाव या पट्ट्यात क्रेनखाली माल बांधणारा माणूस कागदोपत्री 'रिगर' असतो, पण त्याला हाक मारतात 'खलाशी'. समुद्र राहिला घाटाखाली, शब्द मात्र घाट चढून वर आला. त्याच्याबरोबर 'आरिया' आला, म्हणजे खाली सोड. पोर्तुगीज नाविकांचं 'आर्रियार', उतरवणं, ते हेच. आज या खलाशाच्या कामाबद्दल बोलू.

आधी वजन. ते मालावरच्या प्लेटवर किंवा ड्रॉइंगवर वाचायचं, नजरेनं ठरवायचं नाही. मग कोन. वाईजवळ मेणवलीला घाटावर वसईहून आणलेली घंटा आहे, 1739 च्या विजयातली, साधारण 650 किलोची. समजा, ती दोन पायांच्या स्लिंगनं, म्हणजे क्रेनच्या हुकातून दोन बाजूंना उतरणाऱ्या दोरांनी, उचलायची आहे. दोन्ही पाय सरळ उभे असतील तर एकेकावर 325 किलो. आडव्या रेषेशी कोन 60 अंशांचा झाला की 375. 45 ला 460. आणि स्लिंग आखूड पडून पाय फाकले, कोन 30 वर आला, की एकेका पायावर पूर्ण 650! पुन्हा सांगतो, घंटा तीच, वजन तेच, ताण दुप्पट. कोन मोजायला यंत्र लागत नाही. माल धरणाऱ्या दोन हुकांच्या मध्ये जेवढं अंतर, निदान तेवढा लांब एकेक पाय ठेवा, 60 अंश आपोआप मिळतात.

दोराऐवजी कापडी पट्ट्याची स्लिंग असेल तर तिला बेल्ट म्हणतात. बेल्टचा रंग त्याची ताकद सांगतो: जांभळा 1 टन, हिरवा 2, पिवळा 3, राखाडी 4, लाल 5. हा आकडा सरळ उचलण्याचा. बेल्टचा फास घातलात की त्यातला पाचवा हिस्सा वजा करा, म्हणजे पिवळ्याचे 3 टन राहतात 2.4. लेबल फाटलं असेल तर रंग कितीही ताजा असो, बेल्ट बाद. बाद म्हणजे कापून टाकायचा, नाहीतर तिसऱ्या दिवशी तोच पुन्हा हुकावर दिसतो. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो, शपथ होते, पेढे वाटले जातात. त्या पेढ्यांच्या पैशात चार जांभळे बेल्ट आले असते, पण बेल्टबरोबर फोटो चांगला येत नाही.

असो. आता एक गोष्ट. साल 1586, गाव रोम. पोप पाचवे सिक्स्टस यांना एक इजिप्शियन दगडी स्तंभ सेंट पीटर चर्चसमोरच्या चौकात उभा करायचा होता. एकसंध दगड, 25 मीटर उंच, तीनशे टनांहून जड. काम मिळालं डोमेनिको फोंताना या स्थापत्यकाराला. वाफेचं इंजिन नाही, लोखंडी वायर नाही. वाखाचे जाड दोर, शेकडो माणसं, शंभरावर घोडे आणि चाळीसच्या आसपास उभे रहाट. गुऱ्हाळात बैल चरकाभोवती फिरतात, तसे ते घोडे रहाटांभोवती फिरणार. आता या चाळीस रहाटांनी एकदमच चालायचं आणि एकदमच थांबायचं, तर इशारा कसा द्यायचा? फोंतानानं साधी युक्ती केली. तुतारी वाजली की ओढा, घंटा वाजली की थांबा. घंटा ऐकू यावी म्हणून हुकूम निघाला, कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. लोक सांगतात, बोलणाऱ्याला फाशीची शिक्षा होती आणि फाशीचा खांब चौकातच रोवून ठेवला होता.

सप्टेंबरची 10 तारीख. स्तंभ उठायला लागला. अर्ध्यावर आला आणि दोर ताणले जाऊन सैल पडू लागले, घासून तापले, धूर येतो की काय असं झालं. फोंताना बघतोय, पोप बघताहेत, सगळा चौक गप्प. आणि गर्दीतून एक आवाज आला, 'पाणी! दोरांवर पाणी टाका!' ओरडणारा होता सान रेमो गावचा ब्रेस्का नावाचा, हो, खलाशीच. पावसात भिजलेली कपड्यांची सुती दोरी कशी आखडते, तुम्हाला ठाऊकच आहे. वाखाचंही तसंच, भिजला की धागा फुगतो आणि लांबी कमी होते. पाणी ओतलं, दोर आवळले, स्तंभ उभा राहिला. ब्रेस्काला फाशी झाली नाही. उलट 'पाम संडे' या ख्रिस्ती सणाला लागणाऱ्या ताडाच्या पानांचा मान त्याच्या घराण्याला मिळाला, असं म्हणतात. फोंतानानं स्वतः लिहिलेल्या हकिगतीत हा माणूस नाही, तो लोकांनी मागून आणला. तुतारी, घंटा आणि ताकीद मात्र त्यात आहे.

क्रेनच्या कामात आज दोन नियम आहेत, एक फोंतानाचा आणि एक ब्रेस्काचा. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे हे इशारे एकाच माणसानं द्यायचे, ऑपरेटरनं दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही. पण 'थांब' कुणीही म्हणावं. चहा घेऊन आलेल्या पोरानं म्हटलं तरी ऑपरेटरनं थांबायचं आणि मग विचारायचं. थांब कुणाचाही, बाकी इशारे एकाचेच. पुण्यात हे शिकवणं अवघड, इथं लाल सिग्नल दिसला की गाडी आणखी चार फूट पुढे घेतात.

वेळ संपत आली, राहिलेलं भराभर सांगतो. धारदार कडेवर बेल्ट उघडा टाकू नका, खाली जाड रबर किंवा चामडं घाला. बेल्ट तुटतात त्यातले बरेच वजनानं नाही, कडेनं कापले जाऊन तुटतात. शॅकलची, म्हणजे स्लिंग जोडायच्या लोखंडी कडीची, पिन पूर्ण आत गेलेली हवी, पिनेच्या जागी बोल्ट चालणार नाही. माल जमिनीपासून वीतभर उचलून थांबा, एका बाजूला कलतोय का, ब्रेक धरतोय का ते बघा, कलला तर खाली घेऊन पुन्हा बांधा. मालाला बांधलेली दोरी मुठीत धरा, मनगटाला गुंडाळू नका. आणि ब्रेस्काचं ऐकून वायर रोपवर, म्हणजे तारेच्या दोरावर, पाणी टाकू नका, तो आतून गंजतो. पावसात भिजला तर पुसायचा, जमिनीवर न टाकता खुंटीला टांगून वाळवायचा, आणि मगच तेल द्यायचं.