ओल्या लाकडाची जबाबदारी

(इतिहासप्रेमींपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

माझं आजोळ कोकणातलं, खाडीच्या काठचं. मी आठ-नऊ वर्षांची असताना एका ओहोटीला धक्क्याजवळच्या गाळातून एक भलं मोठं लाकूड निघालं. जुन्या गलबताचा तुकडा असावा. एका बाजूला ओळीने भोकं होती, आणि कुणीतरी वाकसाने तासल्याच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. चार-पाच जणांनी दोर लावून ते वर ओढलं, घागरी ओतून धुतलं, हळद-कुंकू वाहिलं आणि देवळाच्या आवारात उन्हात वाळायला ठेवलं. दिवाळीच्या सुट्टीत मी ते पाहिलं तेव्हा ते शिसवीसारखं काळंभोर दिसत होतं. मे महिन्यात गेले तर त्याला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. वाकसाच्या खुणा पापुद्र्यांबरोबर गळून गेल्या होत्या. हात लावला की भुगा पडायचा.

कुणाचाही हेतू वाईट नव्हता. ओली वस्तू वाळवावी, हे आपल्याला घरातच शिकवलेलं असतं. पुढे मी वस्तुसंग्रहालयात जतनाचं काम करायला लागले तेव्हा मला कळलं, की त्या लाकडाला उन्हानेच मारलं. आज मी त्याच विषयावर बोलणार आहे, पण उदाहरण डेन्मार्कचं घेणार आहे. पाण्यातून काढलेल्या लाकडाचं करायचं काय, या एका प्रश्नाशी डेन्मार्कचं राष्ट्रीय संग्रहालय दीडशेहून अधिक वर्षं झुंजतंय. त्यांच्या चुकाही नोंदलेल्या आहेत, आणि मला त्या यशाइतक्याच मोलाच्या वाटतात.

आधी लाकूड टिकतं कसं ते पाहू. तुमच्यापैकी बहुतेकांनी कार्ल्याचं चैत्यगृह पाहिलं असेल. पुढच्या वेळी मान वर करून छताकडे नीट बघा. त्या कमानदार फासळ्या दगडाच्या नाहीत, लाकडाच्या आहेत, आणि त्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. सह्याद्रीचा पाऊस बाहेर कोसळत असतो, पण आत त्या कोरड्या राहिल्या, म्हणून टिकल्या. आता याच्या अगदी उलट टोक घ्या. लाकूड पाण्याखाली, चिखलात, हवा पोचणार नाही असं गाडलं गेलं, तरीही ते हजारो वर्षं राहतं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते, तीच तिथे नसते. धोका असतो तो मधल्या अवस्थेत, म्हणजे कधी ओलं, कधी कोरडं.

पण चिखलातलं लाकूड राहतं म्हणजे त्याचा आकार राहतो. आतला सेल्युलोज हळूहळू निघून जातो, पेशींच्या भिंती पातळ होतात, आणि रिकाम्या झालेल्या जागेत पाणी भरतं. त्या लाकडाला आतून पाण्याचाच आधार असतो. ते पाणी वाऱ्या-उन्हाने उडू लागलं की जाता जाता पेशींच्या भिंती आत ओढत जातं. कारल्याच्या काचऱ्या वाळत घातल्यावर कशा आक्रसतात, वाकड्या होतात! तसंच. फरक एवढाच, की काचरी पुन्हा भिजवली तर थोडी तरी फुलते. हे लाकूड एकदा मिटलं की परत उघडत नाही.

आता स्कुल्डेलेव्हला जाऊ. डेन्मार्कच्या झीलंड बेटावर रोस्किल्ड नावाचं जुनं शहर आहे. तिथे समुद्राचा एक लांब, अरुंद फाटा आत शिरतो, त्यांच्या भाषेत फ्योर्ड. आपल्याकडची खाडीच समजा, भरती-ओहोटीचा जोर मात्र फारच कमी. शहराच्या उत्तरेला साधारण 20 किलोमीटरवर, स्कुल्डेलेव्ह गावाजवळ या फ्योर्डच्या तळाशी दगडांचा एक बांध होता. कोळ्यांना तो पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. डेन्मार्कच्या मार्गारेट राणीने 1400च्या सुमारास तिथे जहाज बुडवलं, असं ते सांगायचे. 1957 ते 1959 या काळात राष्ट्रीय संग्रहालयाचे ओलाफ ओल्सेन आणि ओल क्रुमलिन-पेडरसन यांनी पाणबुड्यांबरोबर तिथे पाहणी केली. गोष्टीतलं जहाज खरं निघालं, राणी मात्र चुकीची निघाली. जहाजं तिच्याहून तीनेकशे वर्षं जुनी, म्हणजे उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी व्हायकिंग लोकांच्या काळाच्या अखेरची होती. अकराव्या शतकात रोस्किल्डवर समुद्रातून हल्ला होऊ नये म्हणून जुनी झालेली जहाजं दगडांनी भरून मुद्दाम वाटेत बुडवली होती.

1962च्या उन्हाळ्यात त्यांनी बांधाभोवती लोखंडी पत्र्यांची भिंत ठोकली आणि आतलं पाणी उपसायला सुरुवात केली. मला या कामातला सगळ्यात जास्त आवडणारा निर्णय इथेच आहे. पाणी उपसायचं, पण लाकूड वाळू द्यायचं नाही. म्हणून एकीकडे पंप पाणी बाहेर फेकत होते आणि दुसरीकडे उघड्या पडलेल्या फळ्यांवर दिवसभर पाण्याचे फवारे चालू होते. लाकूड इतकं मऊ झालेलं, की त्यावर पाय ठेवणं शक्य नव्हतं. वरून आडव्या फळ्या टाकून माणसं त्यावर पालथी झोपायची आणि खाली हात घालून गाळ काढायची. धातूचं हत्यार चालत नव्हतं. बोटं, पाण्याची बारीक धार आणि लहान मुलं वाळूत खेळतात ती प्लॅस्टिकची फावडी, ही त्यांची अवजारं. जुलै ते ऑक्टोबर, चार महिन्यांत सगळं काम आटोपलं. निघालेले हजारो तुकडे नोंद करून हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ओलेच भरले आणि कोपनहेगनच्या उत्तरेला ब्रेडे इथल्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत पाठवले.

सुरुवातीला त्यांना वाटलं जहाजं सहा आहेत, म्हणून एक ते सहा क्रमांक दिले. पुढे दोन आणि चार ही एकाच लांबलचक युद्धनौकेची टोकं आहेत असं लक्षात आलं. म्हणून आजही यादीत चार नंबर नाही. तो क्रमांक त्यांनी दुसऱ्या कशाला दिला नाही, हे मला फार भावतं. चूक यादीत तशीच दिसते.

ही युद्धनौका सुमारे 30 मीटर लांबीची, साठ वल्ह्यांची. तिच्या ओकच्या फळ्यांमधली वार्षिक कडी, म्हणजे झाड वाढताना खोडात दरवर्षी पडणारी वर्तुळं, मोजून वेगवेगळ्या देशांच्या नोंदींशी ताडून पाहिली, तेव्हा कळलं की झाडं 1042मध्ये तोडलेली आहेत आणि ती डेन्मार्कची नाहीतच, डब्लिनच्या परिसरातली आहेत. म्हणजे आयर्लंडमध्ये बांधलेलं जहाज डॅनिश खाडीत निजलेलं. पहिल्या क्रमांकाचं पाइनचं जड मालवाहू जहाज नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सोग्नेफ्योर्डच्या बाजूला बांधलेलं. जरा विचार करा, त्या फळ्या 1962मध्ये उन्हात वाळवल्या असत्या तर ही कडी मोजता आली असती का? खोदताना जे दिसतं ते थोडं असतं. बरंचसं पुढच्या तीस-चाळीस वर्षांत, नवी तंत्रं आल्यावर, जपून ठेवलेल्या वस्तूतून कळतं. माझ्या मते उत्खननाचा खरा हिशेब तेव्हा लागतो.

आता ब्रेडेच्या प्रयोगशाळेत काय झालं ते सांगते. त्यासाठी शंभर वर्षं मागे जावं लागेल, आणि गोष्ट सुरू होते तुरटीपासून. हो, आपली तुरटी. गढूळ पाण्यात फिरवतो ती, दाढीनंतर न्हावी गालावर घासायचा ती. 1860च्या सुमारास राष्ट्रीय संग्रहालयातल्याच सी. एफ. हर्ब्स्ट यांनी ओलं लाकूड तुरटीच्या गरम, दाट द्रावणात ठेवण्याची पद्धत आणली. द्रावण आत शिरायचं, थंड झालं की तुरटीचे स्फटिक जमायचे आणि पेशींना आधार मिळायचा. ही युक्ती हुशारीची होती, आणि उत्तर युरोपात जवळजवळ शंभर वर्षं ती चालली.

1921-22मध्ये आल्स बेटावरच्या ह्योर्टस्प्रिंग इथल्या दलदलीत राष्ट्रीय संग्रहालयाच्या गुस्ताव रोझेनबर्ग यांनी एक नाव खणून काढली. इसवी सनापूर्वी सुमारे 350ची. लिंडनच्या पातळ फळ्या, त्याही खिळ्यांनी जोडलेल्या नाहीत, शिवलेल्या! आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही काथ्याने होड्या शिवायची परंपरा होती, त्यामुळे या नावेचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा परक्या देशाची वस्तू पाहतेय असं वाटलंच नाही. तिच्या बऱ्याच लाकडांवर तुरटीचा उपचार झाला. पुढे ते लाकूड ठिसूळ होऊ लागलं. तुरटीचं द्रावण तापवताना आम्ल तयार होतं, ते आत राहतं आणि लाकूड आतून खात जातं. नॉर्वेत 1904मध्ये ओसेबर्गला सापडलेल्या कोरीव लाकडी वस्तूंचे हाल आज त्यामुळेच झालेले आहेत. बाहेरून कोरीवकाम सुंदर दिसतं, आत मात्र जवळजवळ पीठ. डॅनिश लोकांनी 1960च्या दशकात ह्योर्टस्प्रिंगची नाव पुन्हा उपचारासाठी घेतली, तुरटी धुऊन काढली आणि नवा आधार भरला.

हा नवा आधार म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल. आम्ही त्याला पेग म्हणतो. मेणासारखा असतो, पण पाण्यात विरघळतो. मलमांत, क्रीममध्ये तो सर्रास वापरतात. लाकूड पेगच्या पाण्यात बुडवून ठेवायचं आणि महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, त्याचं प्रमाण हळूहळू वाढवत न्यायचं, म्हणजे आतल्या पाण्याच्या जागी पेग बसतो. स्कुल्डेलेव्हच्या फळ्यांना हेच केलं. 1969मध्ये रोस्किल्डच्या काठावर त्यांच्यासाठी व्हायकिंग जहाजांचं संग्रहालय, म्हणजे काँक्रीट आणि काचेचं एक दालन, उघडलं. तरी जहाजं जुळवण्याचं काम तिथे लोकांसमोर पुढे बरीच वर्षं चाललं.

पेग म्हणजे शेवटचं उत्तर असंही नाही. स्वीडनमध्ये स्टॉकहोमला 1961मध्ये समुद्रतळातून वर काढलेल्या वासा या जुन्या युद्धनौकेवर 17 वर्षं पेग फवारला होता. 2000च्या सुमारास त्याच्या लाकडावर पिवळट-पांढरे क्षार उमटू लागले. समुद्रतळाशी असताना लाकडात गंधक मुरलं होतं, गंजलेल्या खिळ्यांचं लोखंड होतं, आणि हवा लागल्यावर दोन्ही मिळून आम्ल तयार होऊ लागलं. म्हणून तरुण सहकाऱ्यांना मी सांगत असे, की आपण वापरलेला प्रत्येक पदार्थ किती, कधी, किती अंशांना वापरला ते लिहून ठेवा. आपल्यानंतर कुणाला तरी तो काढावा लागणार आहे. हर्ब्स्ट किंवा रोझेनबर्ग यांना मी दोष देत नाही. त्यांनी तुरटी वापरली नसती तर पुन्हा उपचार करायला वस्तूच उरली नसती.

1996-97मध्ये रोस्किल्डच्या त्याच संग्रहालयाचं आवार वाढवायला घेतलं, आणि खोदताना तिथेच नऊ जहाजं निघाली. त्यातलं सहावं सुमारे 36 मीटर लांब, आजवर सापडलेलं सगळ्यात लांब व्हायकिंग जहाज. 1025च्या आसपास ऑस्लो फ्योर्डच्या भागात बांधलेलं. त्याचा जेमतेम पाचवा भाग उरला होता. या वेळी ब्रेडेत पेगच्या जोडीला गोठवून सुकवण्याची पद्धत वापरली. लाकूड गोठवतात आणि निर्वात टाकीत ठेवतात. बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते, त्यामुळे पेशींना आत ओढणारं पाणीच नसतं. प्रत्येक फळी आधी मोजून, रेखाटून घेतलेली असल्यामुळे तिचा मूळ बाक पुन्हा देता येतो. मग उरलेल्या लाकडाला पेलेल असा पूर्ण आकाराचा पोलादी सांगाडा केला, तोही सुटा होऊन प्रवास करू शकेल असा. 1997ला सापडलेलं हे जहाज लोकांनी पूर्ण उभं पाहिलं ते 2013मध्ये, कोपनहेगनला. पुढच्या वर्षी ते लंडनला गेलं.

त्याआधी, 2013च्याच डिसेंबरमध्ये, रोस्किल्डला मोठं वादळ आलं. फ्योर्डचं पाणी चढत चढत 1969च्या त्या दालनाच्या काचांना भिडलं. आत स्कुल्डेलेव्हची पाचही जहाजं. लोकांनी पाणी थोपवून धरलं आणि जहाजं वाचली. पण खारं पाणी आणि हवा यांनी काँक्रीट पोखरलंय, आणि 2018मध्ये त्या इमारतीचं संरक्षित वास्तू म्हणून असलेलं स्थान काढून घेतलं, म्हणजे जहाजांसाठी नवं घर बांधता येईल. पाण्यातून बाहेर काढून साठ वर्षं झाली, तरी त्या फळ्यांना पाण्यापासून जपणं चालूच आहे.

शेवटी एका तरुणाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. तो मुरुडकडचा आहे. त्याने विचारलं, उद्या आमच्या खाडीत असं लाकूड दिसलं तर आम्ही काय करायचं?

शक्यतो हलवू नका. जिथे आहे तिथेच ओल्या गाळाने पुन्हा झाका आणि जागेची खूण करा. शेजारी मोजपट्टी किंवा निदान चप्पल ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळेल. जाळ्यात किंवा यंत्राच्या बकेटमध्ये ते आधीच वर आलं असेल, तर त्याच खाडीच्या पाण्यात बुडवून सावलीत ठेवा. मोठी टाकी नसेल तर ओली गोणपाटं गुंडाळून वरून प्लॅस्टिक बांधा, आणि रोज पाणी मारा. घासू नका, तेल किंवा वॉर्निश लावू नका. चिकटलेले शिंपले काढू नका. राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवा. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथल्या अभ्यासकांनी गोव्याजवळच्या बुडालेल्या जहाजांवर काम केलेलं आहे, त्यांनाही विचारा. आणि गावातल्या मोठ्या माणसांनी हळद-कुंकू वाहायचं म्हटलं तर वाहू द्या, पण आधी प्लॅस्टिक बांधून घ्या आणि वरून वाहा. उन्हात मात्र ठेवू देऊ नका.