अँटॉप हिल ते शिवडी

श्रोतेहो, नमस्कार.

कुकरच्या शिट्ट्या मोजायला आपल्याला कुणी शिकवत नाही. हात दुसऱ्या कामात असतात, कान तेवढा शेगडीकडे असतो. लालबागला आमच्या चाळीत समोरच्या खोलीत एक काकू राहायच्या. २०११च्या सुमाराला त्या कुकरसमोर उभं राहायला लागल्या. शिट्टी उचलली गेली, वाफ उडाली की एक बोट दुमडायच्या. दुसऱ्यांदा उडाली की दुसरं. त्यांना एमडीआर टीबी झाला होता, म्हणजे नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा क्षय. कोर्स दोन वर्षांचा, आणि त्यातले पहिले सहा-सात महिने रोज कनामायसिनची सुई. चौथ्या महिन्यात कानात भुंगा फिरल्यासारखं वाटायला लागलं. मग भुंगाही गेला. टीबी बरा झाला, पण कान गेले ते गेलेच.

आजचा विषय आहे जगाच्या आरोग्यधोरणातलं राजकारण. असं म्हटलं की जिनिव्हा, मोठमोठाली सभागृहं, कानाला यंत्र लावून दुभाषे ऐकणारे प्रतिनिधी असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. मला मात्र तो मुंबईच्या नकाशावरच सांगायचा आहे. अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवन आहे, तिथे पेटंटचं कार्यालय. तिथून वडाळ्यावरून पुढे आलात की शिवडी, आणि शिवडीला महापालिकेचं टीबीचं मोठं हॉस्पिटल. टॅक्सीचं मीटरही फार पळणार नाही इतकं जवळ. आणि हे पेटंट कार्यालय आरोग्य मंत्रालयाच्या हाताखाली येत नाही. ते येतं वाणिज्य आणि उद्योग मंत्रालयाकडे. एवढं लक्षात ठेवा, पुढची निम्मी गोष्ट त्यातच आहे.

आपल्याकडे १९७०चा पेटंट कायदा झाला तेव्हा औषधाच्या रेणूवर पेटंट मिळायचं नाही, तो बनवायच्या पद्धतीवर मिळायचं. म्हणजे दुसऱ्या वाटेने तेच औषध बनवलंत तर तुम्हाला कुणी अडवू शकत नव्हतं. त्या एका तरतुदीवर मुंबईपासून अंकलेश्वरपर्यंत आणि हैदराबादेत औषधांचे कारखाने उभे राहिले. मोठ्या देशांतल्या कंपन्यांना हे खुपत होतं. औषधाचा प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेत नेला असता तर तिथे प्रत्येक देशाला एक मत, आणि गरीब देश जास्त. म्हणून त्यांनी तो व्यापाराच्या बैठकीत नेला. १९८६ साली अमेरिकेतल्या डझनभर बड्या कंपन्यांनी एक समिती केली, त्यात फायझरचे प्रमुख एडमंड प्रॅट पुढे होते. १९९४च्या व्यापार करारात ट्रिप्स नावाचं, म्हणजे पेटंटसारख्या हक्कांच्या नियमांचं, प्रकरण आलं, आणि १ जानेवारी १९९५ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली तेव्हा चाल पक्की झाली होती: कापड, शेतमाल विकायचा असेल तर औषधांवर पेटंट द्या. रोग्याचं नाव कुठेही न घेता रोग्याच्या खिशाचा निर्णय झाला.

त्याचा हिशेब दक्षिण आफ्रिकेत दिसला. तिथल्या सरकारने १९९७ साली स्वस्त औषधं आणता यावीत म्हणून कायदा केला. ३९ औषध कंपन्यांनी त्याच्याविरुद्ध खटला भरला, आणि प्रतिवादींत राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेलांचं नाव होतं! एचआयव्हीच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च तेव्हा दहा ते पंधरा हजार डॉलर होता. फेब्रुवारी २००१मध्ये मुंबईच्या सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तीच तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली. दिवसाला एक डॉलरसुद्धा नाही. दोन महिन्यांनी त्या ३९ कंपन्यांनी खटला मागे घेतला.

त्याच वर्षी एक गंमत झाली. अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सची पूड पाठवली गेली, माणसं मेली. आता सिप्रोफ्लॉक्सॅसिन भरपूर हवं होतं, आणि पेटंट होतं जर्मनीच्या बायरकडे. अमेरिकी आरोग्यमंत्र्यांनी सरळ बजावलं की किंमत खाली आणा, नाहीतर पेटंट बाजूला ठेवू. किंमत निम्म्यावर आली. नोव्हेंबरमध्ये दोहा इथे व्यापारमंत्री जमले तेव्हा ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती. सार्वजनिक आरोग्यासाठी पेटंट बाजूला ठेवायचा हक्क प्रत्येक देशाला आहे, असं दोहा घोषणेत लिहून निघालं. हक्क पूर्वीही होता. तो वापरला की डोळे वटारले जात, एवढंच.

ट्रिप्सने आपल्याला दिलेली मुदत २००५ला संपली. औषधाच्या रेणूवर पेटंट देणं भाग पडलं. पण तेव्हा केंद्रातलं सरकार डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर उभं होतं, आणि रुग्णांच्या संघटना संसदेच्या दाराशी होत्या. त्या रेट्यात कायद्यात कलम ३(ड) बसलं: जुन्याच औषधाला नवं रूप दिलंत तर त्याने गुण जास्त येतो हे दाखवा, मगच पेटंट. आणि दुसरी तरतूद टिकली, की पेटंट मिळण्याआधी कुणीही माणूस हरकत घेऊ शकतो. ‘कुणीही’ म्हणजे अक्षरशः कुणीही. त्या वेळी या शब्दाकडे फार कुणाचं लक्ष गेलं नसावं.

आता टीबीकडे. २०११ संपता संपता मुंबईच्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात कळवलं की तपासलेल्या कुठल्याच औषधाला दाद न देणारे रुग्ण सापडले आहेत. जानेवारीत बातमी फुटली. सरकारचं पहिलं उत्तर काय होतं? की ‘पूर्णपणे दाद न देणारा टीबी’ हा शब्द जागतिक आरोग्य संघटनेला मान्य नाही. शब्दावर हरकत! खोकणाऱ्याचं काय, हे नंतर.

त्याच २०१२च्या डिसेंबरात अमेरिकेत बेडाक्विलिनला मंजुरी मिळाली. टीबीसाठी चाळीस वर्षांत आलेला पहिला नवा औषधप्रकार. गोळी, सुई नाही, कानाला धक्का नाही. ती जॉन्सन अँड जॉन्सनची. तिच्या चाचण्यांत सार्वजनिक पैसाही होता. भारतात ती २०१६मध्ये मोजक्या सहा रुग्णालयांत आली, आणि सुरुवातीला आली ती देणगी म्हणून. देणगीला नावं ठेवू नयेत असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. तरी सांगतो. पंगतीत वाढप्याच्या हातात पळी असते, आणि किती वाढायचं ते पळीवाला ठरवतो. २०१६ संपता संपता पाटण्याच्या एका १८ वर्षांच्या मुलीला ही गोळी मिळावी म्हणून तिच्या वडिलांना दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. २०१८मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की कनामायसिनची सुई थांबवा, बेडाक्विलिन आधी द्या. शिफारस छान होती. पण गोळी बनवायचा हक्क एकाच कंपनीचा होता.

मूळ रेणूचं पेटंट जुलै २०२३ला संपणार होतं. पण कंपनीने आधीच दुसरा अर्ज टाकून ठेवला होता, त्याच औषधाच्या फ्युमरेट क्षाराच्या रूपावर. तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी डिसेंबर २०२७पर्यंत गेली असती. साडेचार वर्षं म्हटलं तर थोडी. शिवडीच्या वॉर्डात मोजली तर बरीच.

फेब्रुवारी २०१९मध्ये मुंबईच्या कार्यालयात त्या अर्जावर हरकत आली. दोन बायकांच्या नावाने. नंदिता व्यंकटेशन मुंबईच्या, पत्रकार, आतड्याच्या टीबीतून उठलेल्या. फुमेझा टिसिले केपटाऊनजवळच्या खायेलित्शाच्या, एक्सडीआर, म्हणजे एमडीआरहूनही चिवट, टीबीतून उठलेल्या. वीस हजारांवर गोळ्या खाल्लेल्या. दोघींचेही कान उपचारात गेले होते. डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं पाठबळ त्यांना होतं, वकील होते, पण हरकतदार म्हणून नावं त्यांची. ‘कुणीही’ हा शब्द इथे कामाला आला. ज्या खोलीत आजवर कंपनीचे रसायनतज्ज्ञ आणि सरकारी परीक्षक बसत, तिथे रुग्णाला कागदावर जागा मिळाली. युक्तिवाद मात्र रडगाण्याचा नव्हता. क्षार कसा बनवायचा हे आधीच माहीत होतं, त्यात नवं काही नाही, आणि जास्त गुण येतो याचा पुरावा नाही. सरळ रसायन आणि कलम ३(ड).

२३ मार्च २०२३ला अर्ज फेटाळला गेला. त्या उन्हाळ्यात जगभरातून कंपनीवर दबाव वाढला. ऑगस्टमध्ये टीबीच्या औषधांच्या जागतिक खरेदी यंत्रणेने नवे दर जाहीर केले: जो कोर्स २८९ डॉलरला होता तो १३०वर आला, आणि आपल्या मुंबईच्या लुपिनची गोळीही यादीत लागली. सप्टेंबरअखेर कंपनीने १३४ देशांत आपलं पेटंट न बजावण्याची घोषणा केली.

इथे टाळ्या वाजवून थांबता आलं असतं. पण पुण्याची आठवण काढल्याशिवाय हे भाषण प्रामाणिक होणार नाही. ऑक्टोबर २०२०मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने मिळून मागणी केली, की कोविडपुरती पेटंटं बाजूला ठेवा. युरोपने दीड वर्ष दळण दळलं, आणि जून २०२२ला जे निघालं त्यात फक्त लशी होत्या, अटींच्या गुंडाळीत. आपण चिडलो, बरोबर होतं. पण मार्च २०२१मध्ये आपल्याकडे लाट आली तेव्हा आपणच सीरमच्या लशीची निर्यात थांबवली. गरीब देशांसाठी जी कोव्हॅक्स योजना होती, तिचा मोठा भार त्या पुण्याच्या एका कारखान्यावर होता. आफ्रिकेतले देश वाट बघत राहिले. पळी आपल्या हातात आली, आणि आपणही आधी आपल्याच पानात वाढलं. मी तेव्हा सरकारच्या जागी असतो तर वेगळं केलं असतं का, सांगवत नाही.

आणि ‘कुणीही’ हा शब्द? तो अजून कायद्यात आहे. मार्च २०२४च्या नव्या नियमांनी मात्र हरकतीला फी लावली, आणि ती ऐकायला घ्यायची की नाही हे आधी अधिकारी ठरवणार, असं केलं. दार बंद केलेलं नाही, उंबरठा वाढवला. व्यापार कराराच्या वाटाघाटी चालू असतात, तेव्हा असे उंबरठे वाढतात.

आमच्या काकू आता डोंबिवलीला मुलाकडे असतात. गेल्या वर्षी त्यांच्या पुतण्याला एमडीआर निघाला. त्याला सहा महिन्यांचा नवा कोर्स मिळाला, सगळ्या गोळ्याच, त्यात बेडाक्विलिन. मध्येमध्ये ईसीजी काढावा लागायचा, पायाला मुंग्या यायच्या. सुई एकही नाही. मी भेटायला गेलो होतो. तो टीव्हीसमोर बसला होता. काकू स्वयंपाकघरातून ताटली आणि चमचा घेऊन आल्या, गुपचूप त्याच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि ताटलीवर चमचा वाजवला. तो वैतागून म्हणाला, “काकू, रोज काय हे?” ते त्यांना ऐकू आलं नाही. त्याने मान वळवली, एवढं त्यांनी पाहिलं आणि परत आत गेल्या.

नमस्कार.