आधी मान, मग नजर

श्रोतेहो, नमस्कार. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्या मुलाची नजर तपासताना सुरुवात डोळ्यांपासून नाही, बैठकीपासून करायची. मान लटकत असेल तर मुलाची सगळी ताकद ती सावरण्यातच जाते. पाठ टेकलेली, डोक्याला दोन्ही बाजूंनी आधार, पावलं टेकलेली. एवढं जमलं की मग नजर तपासायची कार्डं काढा. नुकतीच फिट येऊन गेली असेल, औषधाची गुंगी असेल, तर तपासणी दुसऱ्या दिवशी.

न बोलणाऱ्या मुलापुढे अक्षरांचा तक्ता काय कामाचा? एका बाजूला काळ्या-पांढऱ्या रेघा, दुसऱ्या बाजूला तेवढाच उजळ सपाट करडा रंग दाखवायचा. रेघा दिसल्या तर नजर तिकडे वळते. मग रेघा बारीक करत जायचं. 57 सेंटिमीटरवर धरलेल्या कार्डावरचा एक सेंटिमीटर डोळ्याशी एक अंशाचा कोन करतो, म्हणून हे अंतर हिशेबाला सोयीचं. बुबुळं आडवी थरथरत असतील, तर कार्ड उभं धरा. नजर वर गेली की खाली, ते ओळखता येतं. आणि घाई नको. काही मुलांची नजर वळायला बरेच सेकंद लागतात. तेवढ्यात कार्ड बदललं, की ‘दिसत नाही’ असा चुकीचा शेरा पडतो.

डोळ्याचा जवळ बघण्याचा जोर सैल करणारे थेंब घालून चष्म्याचा नंबर काढला जातोच. राहून जाते ती जवळची तपासणी, आणि तीही थेंब घालण्याआधी करावी लागते. 25 सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट दिसायला डोळ्याला 4 डायॉप्टरचा (चष्म्याचा नंबर मोजायचं एकक) जोर लावावा लागतो. तो या मुलांत बऱ्याचदा कमी पडतो. रेटिनोस्कोपने, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून नंबर बघायच्या उपकरणाने, ते मिनिटभरात कळतं. जवळचा चष्मा दिला की पुस्तकाकडे पाठ फिरवणारं मूल चित्रं पाहू लागतं.

डोळे निरोगी असूनही दिसण्यात अडचण असू शकते, कारण दोष मेंदूत असतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये मेंदूतल्या पोकळ्यांलगतचे तंतू दुखावतात, त्यामुळे खालची बाजू दिसेनाशी होऊ शकते: पायरी चुकते, ताटातला जवळचा घास तसाच राहतो. मुलाच्या मागे उभं राहून, आवाज न करता, खेळणं चारही बाजूंनी पुढे आणून पाहा. आईवडिलांना विचारा: भरलेल्या खोक्यात आवडतं खेळणं सापडतं का? घरंगळणारा चेंडू दिसतो, पण थांबलेला हरवतो का? वस्तू उचलताना मान दुसरीकडे वळते का? शेवटचा प्रश्न हट्टीपणाचा नाही. बघणं आणि हात नेणं एकदम जमत नाही, एवढंच.

अहवालात नुसता आकडा नको. मूल कसं बसलं होतं, किती वाजता, किती अंतरावर, कोणत्या उजेडात, तेही लिहा. नाहीतर सहा महिन्यांनी आलेला आकडा ताडायचा कशाशी?