तीन किलोहर्ट्झ वर सरका

मंडळी, पत्रिकेवर छापलंय, 'डिजिटल आवाज आणि चित्रं: क्यूआरएम आणि उपाय'. क्यूआरएम म्हणजे एकमेकांच्या सिग्नलमध्ये होणारा व्यत्यय. उपाय शेवटी सांगतो. आधी माझी तक्रार ऐका, घरी ती आता कुणी ऐकून घेत नाही.

हौशी रेडिओच्या वीस मीटर बँडवर १४.२३६ मेगाहर्ट्झ हा आम्हा फ्रीडीव्हीवाल्यांचा, म्हणजे डिजिटल आवाजात बोलणाऱ्यांचा, कट्टा. एका संध्याकाळी ऑस्ट्रेलियातल्या एका गृहस्थांशी छान जमलं होतं. फ्रीडीव्हीत आवाज आकड्यांत बदलणारं डेव्हिड रो यांचं कोडेक२ तिकडचंच, ॲडलेडचं, त्यामुळे तिकडे या मोडचा जिव्हाळा जरा जास्त. सिग्नल इतका बारीक की एसएसबीवर, म्हणजे नेहमीच्या साइडबँडच्या आवाजात, निम्मं कळलं नसतं, पण फ्रीडीव्हीच्या ७००डी मोडवर शब्द न शब्द येत होता. ते टोमॅटोच्या रोपांबद्दल सांगत होते. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले लोक जगभर बोलतात ते यासाठीच, टोमॅटो आणि गुडघे.

तर टोमॅटो ऐन रंगात आले आणि मध्येच शीळ सुरू झाली. एसएसटीव्ही, म्हणजे स्वरांतून हळूहळू चित्र पाठवणं! गृहस्थांचा आवाज आधी बुडबुड्यासारखा झाला, मग सिंकच, म्हणजे सिग्नलशी जुळलेला ताल, गेला. चिडून मी चित्राचं सॉफ्टवेअर लावलं. म्हटलं, निदान बघू तरी कोण आहे. मार्टिन-१ मोड, एका चित्राला ११४ सेकंद. वरून एकेक ओळ उतरत गेली आणि शेवटी पोपट निघाला. हिरवागार, देखणा पोपट. हसू नका, पुढे ऐका. तोच पोपट त्यानं पुन्हा पाठवला, कारण समोरच्याकडे पहिल्यांदा नीट आला नव्हता. येणार कसा, आमचे टोमॅटो होते ना त्यात!

मग मी साइडबँडवर आलो आणि नम्रपणे म्हटलं, 'फ्रिक्वेन्सी वापरात आहे.' उत्तर आलं, 'ओएम (म्हणजे मित्रा), मी नीट ऐकून घेतलं होतं. इथे कुणीच नव्हतं, नुसता नॉईज होता.'

तो नॉईज म्हणजे मी.

खरं सांगायचं तर त्याचं चुकलं नव्हतं. आकाशवाणीचं डीआरएम, म्हणजे डिजिटल, प्रक्षेपण ज्यांनी साध्या रेडिओवर ऐकलंय त्यांना ती सपाट खरखर ठाऊक आहे. आमचा आवाजही इतरांना तसाच लागतो. 'आधी ऐका, मग पीटीटी (बोलायचं बटण) दाबा' हे आपण परीक्षेपासून शिकलो, पण कानाला जे माणसासारखं वाटतच नाही त्याला वाट द्यायची कशी?

आणि चित्रवाल्यांवर माझा राग नाही बरं का. कॉप्थॉर्न मॅकडोनाल्ड या विद्यार्थ्यानं अमेरिकेत केंटकीला १९५० च्या दशकाच्या अखेरीस हे तंत्र बसवलं. आज अवकाश स्थानकावरून १४५.८०० मेगाहर्ट्झवर चित्रं येतात तेव्हा गच्चीवर हँडी, म्हणजे हातातला छोटा रेडिओ, घेऊन उभं राहणाऱ्यांत मीही असतो. या खोलीतल्या निम्म्या जणांना लायसन्सचं वेड तिथूनच लागलं असेल.

बरं, मागून पाच मिनिटांची खूण झालीय. म्हणजे आता विषय.

कागदावर हे भांडण व्हायलाच नको. एसएसटीव्हीचा ओळी जुळवणारा सिंकचा स्वर १२०० हर्ट्झवर, पांढरा रंग २३०० वर. डायल १४.२३० आणि यूएसबी (वरचा साइडबँड) म्हणजे चित्र साधारण १४.२३१२ ते १४.२३२३ मध्ये मावतं. डिजिटल चित्रवाले १४.२३३ वर, अडीच किलोहर्ट्झच्या आत. आम्ही १४.२३७ ते १४.२३८. कुणी कुणाला शिवत नाही. पण १४.२३० वर गर्दी झाली की चित्रवाला सवयीनं तीन किलोहर्ट्झ वर सरकतो. तिथेही कुणी असलं की आणखी तीन, आणि बरोब्बर आमच्या डोक्यावर येतो.

त्यातून लढत विषम. एसएसटीव्हीत एका क्षणी एकच स्वर असतो, सगळी ताकद त्यात, आणि ती पूर्ण वेळ. आमच्याकडे अनेक कॅरिअर लहरी एकत्र, त्यांची शिखरं उंच, म्हणून शंभर वॉटचा रिग (रेडिओ सेट) असला तरी सरासरी ताकद त्याच्या बरीच खाली ठेवावी लागते. त्याच्या चित्रात आमच्यामुळे थोडे ठिपके पडतात, त्याला वाटतं कंडिशन्स खराब आहेत. आमचं मात्र अख्खं वाक्य जातं. शेजारच्या तगड्या सिग्नलनं एजीसी (रिसीव्हरची संवेदनशीलता आपोआप कमी-जास्त करणारी सोय) दाबला तरी आम्ही संपलो, तो आमच्यावर नसला तरी.

उपाय पटपट सांगतो. वॉटरफॉल, म्हणजे सिग्नल डोळ्यांना दाखवणारा आलेख, लावा आणि कॉल करण्याआधी मिनिटभर बघा. आमचा सिग्नल तिथे किलोहर्ट्झभर रुंद, कडा सरळ असलेली पट्टी दिसते. डायलचा आकडा बघू नका, सिग्नल प्रत्यक्ष कुठे बसतो ते बघा. चित्रवाल्यांनी जागा नसेल तर खाली १४.२२७ ला जावं. फ्रीडीव्हीवाल्यांनी ७००डीला रिसीव्हरचा फिल्टर १५०० हर्ट्झच्या दोन्ही बाजूंना सहा-सातशेवर आणावा, एजीसी स्लो करावा आणि अधूनमधून साइडबँडवर कॉलसाइन द्यावा, म्हणजे इथे माणूस आहे हे कळेल. आयएआरयू या हौशी रेडिओच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या युरोप-आफ्रिकेच्या बँडप्लॅनमध्ये डिजिटल आवाजासाठी १४.१३० दिलंय, चित्रांपासून चांगलं शंभर किलोहर्ट्झ लांब. आपण तिकडे का जात नाही, यावर माझं म्हणणं होतं, पण चहा आलाय. रिग मागच्या टेबलावर जोडलेला आहे, ज्यांना पट्टी बघायचीय त्यांनी कप घेऊन तिकडेच या.